शाल नको, हॉल द्या

बाई कुठलंही संग्रहालय उलटं बघत. जिथे बाहेर पडायची पाटी असते तिथून आत शिरायच्या आणि जिथे तिकीट फाडतात तिथून बाहेर यायच्या. मधे ठिकठिकाणी कुणीतरी "मॅडम, धिस वे" म्हणून हात दाखवत उभं असायचं. बाई त्यांच्याकडे बघून प्रसन्न हसायच्या आणि आपली उलटी वाट चालू ठेवायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, सुरुवातीला सगळे राजे आणि तलवारी मांडतात. साधी माणसं शेवटच्या खोलीत असतात. तिथे दिवे मंद, पहारेकरी पेंगलेला. आणि तिथे पोचेपर्यंत बघणाऱ्याचे पाय दुखायला लागलेले. म्हणून मी ताज्या पायांनी आधी तिथे जाते."

कुवेतमध्ये अहमदीच्या बाजूला आमची भारतीय शाळा. बाई तिथे इतिहास-भूगोल शिकवायच्या, मी गणित. फहाहीलला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. त्या दुसऱ्या मजल्यावर एकट्या, आम्ही चौथ्यावर. मूळच्या देवरुखकडच्या. लग्न केलेलं नव्हतं. नवीन शिक्षिका कुजबुजत चौकशी करायच्या, "बाईंचं लग्न राहून गेलं का हो?" एकदा ते त्यांच्या कानावर गेलं. भर स्टाफरूममध्ये वाटीतला चहा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "राहून नाही गेलं. केलं नाही. क्रियापद नीट वापरा." चहा त्या स्टीलच्या वाटीतूनच प्यायच्या. कपाला कान असतो आणि कान धरायची आपल्याला सवय लागली की सुटत नाही, असं काहीतरी त्यांचं म्हणणं होतं.

"असं कोण म्हणतं?" हा त्यांचा आवडता प्रश्न. बँकेत, दवाखान्यात, बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, नवीन करून घ्यायच्या रांगेत कुणी नियम सांगितला की बाई शांतपणे विचारायच्या, "असं कोण म्हणतं? त्यांचं नाव सांगा, मी भेटते त्यांना." आणि खरंच भेटायच्या. कामं कधी व्हायची, कधी व्हायची नाहीत. पण नियम सांगणारा माणूस पुढच्या वेळी त्यांना बघून खुर्ची पुढे सरकवायचा. कुवेतमध्ये कुणी चालत नाही. बाई भर उन्हात काळी पुरुषी छत्री उघडून चालायच्या. ओळखीच्या गाड्या थांबायच्या. "बाई, बसा ना." बाई छत्री किंचित वर करून, "चालायला बंदी आहे का?" म्हणायच्या आणि पुढे जायच्या.

शुक्रवारी बाई कुवेत शहरात संग्रहालयं बघायला जायच्या. जुन्या बोटी, मोती काढणाऱ्या पाणबुड्यांची हत्यारं, वाळवंटात भटकणाऱ्या बदू बायकांचं लोकरी विणकाम. हे सगळं त्यांनी इतक्या वेळा बघितलं होतं की पहारेकरी त्यांच्या तब्येतीची विचारपूस करायचे. विणलेल्या पट्ट्यांना हात लावला की मात्र "मम्नूअ! मम्नूअ!" असा मनाईचा ओरडा व्हायचा. बाई त्यावर मराठीत म्हणायच्या, "अरे, कुणाच्या तरी अंगाखाली घालायला विणलंय ते. काचेसाठी नाही."

त्यांची भाची सुषमा इथल्याच एका इस्पितळात नर्स होती. पुढे इथल्या कितीतरी नर्स जातात तशी ती आयर्लंडला गेली, पश्चिमेकडच्या एका छोट्या गावात. तिने मावशीला उन्हाळ्याच्या सुट्टीत बोलावलं. बाईंनी मला विचारलं नाही, सांगितलं. "व्हिसासाठी फोटो काढून आण. आपण आयर्लंडला जातोय." माझा नवरा म्हणाला, "जा. त्यांना नाही म्हणायची हिंमत माझ्यात तर नाही."

सुषमाने सगळं ठरवून ठेवलं होतं. समुद्रावरचे उंच कडे, एक किल्ला, किल्ल्यात मेणबत्त्यांच्या उजेडात जेवण, डब्लिनमध्ये खरेदी. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "समुद्र मी जन्मल्यापासून बघतेय. खडकही. तू रस्त्याकडेला तपकिरी पाटी दिसली की गाडी थांबव, एवढंच कर." त्या देशात जुन्या वस्तूंचं, कारागिरीचं काहीही बघण्यासारखं असलं की तपकिरी पाटी असते. आणि दर चार वळणांनी असते. सुषमा बिचारी थांबवत राहिली.

एका ठिकाणी गवताने शाकारलेली जुनी घरं जशीच्या तशी उभी केली होती. चुन्याच्या भिंती, अर्धा उघडणारा दरवाजा, आत चूल. तिच्यात लाकडं नव्हती, दलदलीतून कापून वाळवलेल्या काळ्या मातीच्या विटा धुमसत होत्या. चुलीच्या अलीकडे दोरी. बाईंनी दोरी उचलली, वाकून आत गेल्या आणि चुलीसमोरच्या बुटक्या स्टुलावर बसल्या.

"मावशी, ऊठ ना! प्लीज!" सुषमा रडकुंडीला आली.

खांद्यावर शाल घेतलेली एक तरुण मुलगी धावत आली. ती त्या घरातली जुन्या काळची बाई झाली होती, म्हणजे नोकरीपुरती. "मॅडम, तिथे बसता येत नाही."

बाईंनी आपल्या ठणठणीत शाळामास्तरी इंग्रजीत विचारलं, "तू बसतेस का इथे?"

"नाही. मी तिथे दाराशी उभी राहून माहिती सांगते."

"मग धूर कुठे जातो ते तुला कसं कळतं?"

मुलीने छपराकडे बघितलं. धुराड्यातून जातो, म्हणाली. "बसून बघ," बाई म्हणाल्या. कोण जाणे कसं, ती मुलगी बसली. थोड्याच वेळात दोघी डोळे चोळत खोकत होत्या आणि खोकता खोकता हसत होत्या. धूर धुराड्यातून जेवढा जात होता तेवढाच चुलीपुढच्या बाईच्या तोंडावर येत होता. तेवढ्यात व्यवस्थापक आला आणि त्याने दोघींनाही उठवलं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "आता तिच्या माहितीत एक वाक्य वाढलं. त्याला राग येवो नाही तर आणखी काही."

लोकरीच्या गिरणीत याहून वाईट झालं. दर्शनी भागात एक म्हातारा हातमागावर सुरेख कापड विणत होता आणि माणसं भोवती उभी राहून फोटो काढत होती. पलीकडे भलंमोठं दुकान. बाईंनी त्याला विचारलं, "दुकानातलं सगळं तुम्ही विणता?" म्हातारा खरा माणूस होता. म्हणाला, "नाही हो, मी दाखवण्यापुरता. ते कारखान्यातून येतं." झालं. बाई दुकानात उभ्या राहिल्या आणि जो कोणी मफलर हातात घेईल त्याला सांगायला लागल्या, "हा त्यांनी विणलेला नाही बरं का. त्यांनी विणलेला हवा असेल तर त्यांना मागा." आम्हाला तिथून फार नम्रपणे बाहेर काढण्यात आलं. पण त्याआधी एका जाडजूड अमेरिकन बाईंनी म्हाताऱ्याकडे जाऊन मागावरचंच कापड मागितलं होतं. म्हाताऱ्याने माग थांबवून आमच्याकडे बघत टोपी काढली, ती मला अजून दिसते.

शेवटच्या आठवड्यात आम्ही बंदरावरच्या एका संग्रहालयात गेलो. दुष्काळात आणि नंतरही त्या देशातून बोटी भरभरून माणसं परदेशी गेली, त्यांचं ते संग्रहालय. बाई नेहमीप्रमाणे उलट्या शिरल्या. त्यामुळे आम्हाला आधी अमेरिकेतली दुकानं, गिरण्या आणि पूल बांधणारी माणसं दिसली, मग बोटीतली अंधारी फळकुटं, मग बंदर. ती सगळी माणसं आमच्यासाठी परत येत होती. पेट्या घेऊन बोटीतून उतरत होती, वाटेने चालत होती, आणि शेवटच्या खोलीत, जी खरं तर पहिली होती, आपापल्या घरी पोचली होती. त्या खोलीत एक टेबल, त्यावर किटली, एक चमचा, एक बूट. भिंतीवर लिहिलेलं होतं, की मूल परदेशी निघालं की आदल्या रात्री घरात शेजारीपाजारी जमत आणि मेलेल्या माणसाशेजारी रात्रभर जागतात तशी त्याच्यासाठी रात्र जागवत. कारण ते परत येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

बाई वाचत उभ्या राहिल्या.

तिथे एक वयस्कर गृहस्थ हौसेने माहिती सांगायला बसत. त्यांचे स्वतःचे दोन भाऊ लंडनमध्ये इमारतींच्या कामावर गेलेले. त्यांनी बाईंना विचारलं, "कुठून आलात?"

"कुवेतहून."

"तुम्ही तिथल्या?"

"नाही. भारतातल्या. तिथे काम करते. जन्म गेला तिथे म्हणा ना."

"मग तुमच्या लोकांचं असं काही आहे का तिथे? किंवा तुमच्या गावी?"

"आमच्या वस्तू आम्ही दोरीने बांधून घरी पाठवतो," बाई म्हणाल्या. "ठेवायच्या कुणी?"

"आम्हालाही आधी असंच वाटायचं," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. बाई वळल्या आणि भिंतीवरचा मजकूर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचला.

गाडीत बसल्यावर बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "सुषमा, कुवेतला पहिल्या दिवशी इस्पितळात घातलेला तुझा गणवेश कुठे आहे?"

"टाकून दिला असेल. कोण ठेवतं मावशी?"

"हेच!" बाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की सुषमाने गाडी कडेला घेतली. "कोण ठेवतं, कोण ठेवतं! कुणीच ठेवत नाही, आणि मग आपण कधी तिथे नव्हतोच असं होतं."

ते वर्ष बाईंच्या नोकरीचं शेवटचं. साठी झाली, शाळेने निवृत्त केलं की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपतो, इकामा संपला की माणूस परत. एवढी वर्षं काढलीत, राहा आता, असं म्हणणारं कुणी नसतं. तसा प्रघातच नाही. शाळेने निरोप समारंभ ठरवला. शाल, नारळ, चांदीचा मुलामा दिलेली तबकडी आणि केक. प्रिन्सिपल सरांनी बाईंना बोलावून तारीख विचारली. आमचे सर उत्तरेकडचे, बोलणं हिंदीत. मी काही कागदांवर सह्या घ्यायला तिथेच उभी होते.

"सर, शाल नको, हॉल द्या," बाई आधी मराठीतच म्हणाल्या. मग हिंदीत समजावून सांगितलं. इथे राबलेल्या आपल्या माणसांच्या वस्तू गोळा करून त्यांना प्रदर्शन मांडायचं होतं.

सरांनी चष्मा काढला. "मॅडम, पेरेंट्स को क्या दिखाएंगे? लेबर लोगों के डिब्बे? हॉल में रोबोटिक्स का एक्झिबिशन है."

"वही डिब्बे दिखाएंगे. जिस रास्ते से पेरेंट्स की गाड़ी आती है, वो रास्ता उन्हीं डिब्बेवालों ने बनाया है."

"मॅडम, पॉसिबल नहीं है."

"तो शाल भी पॉसिबल नहीं है," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

निरोप समारंभ उत्सवमूर्तीशिवाय पार पडला. भाषणं झाली. केक आम्ही खाल्ला. बाई त्या वेळी मीना अब्दुल्ला या रिफायनरीच्या भागातल्या कामगार वसाहतीत ओव्हरऑल मागत फिरत होत्या.

त्यांना तिथे नेलं हमीदभाईंनी. हमीदभाई हर्णैचे. आमच्या इमारतीच्या तळाशी त्यांची बकाला होती, म्हणजे ब्रेडपासून फोनच्या कार्डापर्यंत सगळं ठेवणारं छोटं दुकान. रिफायनरीच्या कामांवर कोकणातली पुष्कळ माणसं. हमीदभाई तिथे गाडीतून सामान पोचवायचे. बाई शेजारी छत्री उभी धरून बसायच्या.

वसंता तिथेच भेटला. लांज्याकडचा, पाइप फिटर, पन्नाशी उलटलेला. एका खोलीत पाच जणांबरोबर राहायचा. "आमच्याकडे काय असणार बाई?" तो म्हणाला. "हा ओव्हरऑल आणि मळका टॉवेल."

"ओव्हरऑल दे. धुऊ नकोस."

तो हसला. पण पुढच्या शुक्रवारी तो स्वतः आमच्या इमारतीत आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात घड्या घातलेले कागद. एकेक कागद उलगडून त्याने बाईंच्या टेबलावर ठेवला. प्रत्येकावर पेन्सिलीने काढलेला एका पावलाचा आकार. त्याची मुलगी चालायला लागली तेव्हापासून त्याची बायको दर वर्षी तिचं पाऊल कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची आणि इकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी तो कागद द्यायची. वसंता तो घेऊन फहाहीलच्या बाजारात जायचा, बूट त्यावर ठेवून बघायचा आणि घ्यायचा.

"बसायचे का तिला?" मी विचारलं.

"कधीच नाही," वसंता म्हणाला. "मला रजा मिळेपर्यंत पाय वाढलेला असायचा. मग धाकट्या पुतणीला जायचे." त्याने कागद सारखे केले. "यांचं काही होणार असेल तर बघा. नाही तर मी टाकणारच होतो."

"टाकून तर बघ," बाई म्हणाल्या.

त्यांनी आपला फ्लॅट रिकामा केला. सोफा हमीदभाईंच्या गोदामात गेला. भिंतीवर ओव्हरऑल टांगला, खाली गोणपाट शिवलेला पाण्याचा जार, दोरीने आवळलेला मोठा खोका. खोक्यावर जाड मार्करने मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा मराठीत, इंग्रजीत आणि कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या अरबीत. प्रत्येक वस्तूखाली बाईंच्या अक्षरात चिठ्ठी.

हमीदभाईंनी त्यांचा जुना कॅसेट प्लेअर आणला. पूर्वी गावाहून पत्राऐवजी आवाज भरलेली कॅसेट यायची. त्यांच्याकडे आईची एक होती. बाईंनी विचारलं, "लावूया?"

"नको," हमीदभाई म्हणाले. "तो माझ्या आईचा आवाज आहे, बाई. ती नाही आता. लोकांनी ऐकायला नाही ती बोललेली. मला रागवलीय त्यात."

मला वाटलं, आता बाई वाद घालणार. त्यांनी चिठ्ठी लिहिली, 'यात एका आईचा आवाज आहे. तो ऐकवला जाणार नाही.' आणि कॅसेट प्लेअरच्या झाकणावर ठेवली. सगळ्या प्रदर्शनात माणसं तिथे सर्वांत जास्त वेळ थांबायची.

पावलं त्यांनी दारापासून आतल्या खोलीपर्यंत जमिनीवर चिकटवली, वरून पारदर्शक पट्टी लावून. दाराशी सगळ्यांत लहान, आत सगळ्यांत मोठं. पहिल्या शुक्रवारी वसंता आला, चपला काढल्या आणि उंबऱ्यातच थांबला. एवढे दिवस ते कागद त्याने घडी घालून गादीखाली ठेवले होते. सगळे एका ओळीत त्याने कधी बघितलेच नव्हते.

"बाजूने चाल," बाई म्हणाल्या.

तो भिंतीला धरून, वाकून, एकेका पावलाशी थांबत आत गेला. शेवटच्या पावलाशी पोचल्यावर मागे वळून बघितलं. "माझ्या मागे एवढं चालली होय ही," तो म्हणाला. मग बराच वेळ आतल्या खोलीच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीचे एसी होते.

माणसं यायला लागली. जहराहून ड्रायव्हर आले, अहमदीतून ऑफिसवाली मंडळी बायकापोरांसह आली. पोरं आधी मोबाइल काढून, "व्हॉट इज धिस, बाबा?" म्हणायची आणि बाबांना अचानक बोलायला खूप काही असायचं. दाराबाहेर चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला. इमारतीचा राखणदार, आमचा हारिस, इजिप्तचा. तो रोज वर येऊन आदराने हाक मारायचा. "या हज्जा, हे काय? हा बाजार आहे का?" बाई त्याला खजूर द्यायच्या. तो खजूर खाऊन पुन्हा तेच विचारायचा. शेवटी कुणीतरी तक्रार केली आणि मालक स्वतः आले.

मालक कुवेती, शांत, स्वच्छ इंग्रजी बोलणारे. पांढऱ्या दिश्दाशाची, त्या पायघोळ अंगरख्याची, टोकं सावरत त्यांनी सगळा फ्लॅट बघितला. चिठ्ठ्या मराठीत होत्या, त्या त्यांना वाचता येत नव्हत्या आणि त्यांनी विचारलंही नाही. "मॅडम, ही राहायची इमारत आहे. या फ्लॅटमध्ये गर्दी चालणार नाही."

"या फ्लॅटमध्ये?" बाईंनी विचारलं.

"या फ्लॅटमध्ये."

"तुमचा शब्द?"

"माझा शब्द."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. मी चमकले. बाई इतक्या सहज ठीक आहे म्हणत नसत.

पुढच्या शुक्रवारी बाईंच्या फ्लॅटमध्ये एकही वस्तू नव्हती आणि एकही माणूस नव्हतं. ओव्हरऑल पहिल्या मजल्यावर एका मल्याळी नर्सच्या हॉलमध्ये टांगला होता. जार तिसऱ्या मजल्यावर. खोका आमच्याकडे, चौथ्यावर. कॅसेट हमीदभाईंच्या गल्ल्याशेजारी. ज्याच्या घरी जी वस्तू, त्याने तिची हकीकत सांगायची आणि चहा द्यायचा. ती नर्स वसंताची गोष्ट मल्याळम-हिंदीत सांगायची आणि ओव्हरऑलच्या कोपरावरचा भाजल्याचा डाग दाखवायची. कुठल्याच एका फ्लॅटमध्ये गर्दी नव्हती. सगळ्या इमारतीत होती.

आणि पावलं जिन्यावर. खालच्या पायरीपासून पुरतील तिथवर, एका पायरीवर एक.

मालक दुसऱ्यांदा आले तेव्हा मी शाळेतून येत होते. हारिस हातात खरवडणी घेऊन जिन्यात उभा होता. खालच्या दोन-तीन पायऱ्यांवरचे कागद त्याने उचकटले होते. त्याच्या वरच्या पायरीवर, पुढचं पाऊल मागे झाकून, बाई बसल्या होत्या. छत्री मांडीवर आडवी.

"या हज्जा, कूमी," हारिस गयावया करत होता. उठा, उठा.

"मॅडम," मालक म्हणाले, "जिना माझा आहे."

"हो."

"मग?"

"माझा इकामा गुरुवारपर्यंत आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, फक्त जरा थकलेला होता. "घराचं भाडं मी गुरुवारपर्यंत भरलंय. गुरुवारपर्यंत मी इथे राहते, आणि जिन्यानेच येते-जाते. गुरुवारी हे मी स्वतः काढीन, एक कण गोंद ठेवणार नाही. पण त्याआधी कुणी काढायचं नाही. तुम्हाला मला उचलावं लागेल."

मालक त्यांच्याकडे बघत राहिले. या देशात आम्ही सगळे जरा वाकूनच राहतो. उद्याचा दिवस दर वर्षीच्या इकाम्याच्या शिक्क्यावर अवलंबून असतो. त्या जिन्यावर बाईंनी तो वाकलेपणा काढून ठेवला होता आणि तिथे आणखी कुणालाच काय करावं ते कळत नव्हतं.

"गुरुवार?" मालकांनी विचारलं.

"गुरुवार."

मालकांनी हारिसकडे हात केला. हारिसने खरवडणी खाली ठेवली. मालकांना वर गच्चीवर टाकी बघायला जायचं होतं. जिना समोर होता, पण ते वळले आणि लिफ्टने गेले. रागाने की आणखी कशाने, मला आजही सांगता येणार नाही. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्यांचं ते जाणोत. तू कोमट पाणी आण, ही खालची परत चिकटवायची आहेत."

गुरुवारी त्यांनी कबूल केल्याप्रमाणे सगळं काढलं. हेअर ड्रायरची गरम हवा मारून एकेक कागद सोडवला. पायऱ्या पुसल्या. वसंताला बोलावून कागद त्याच्या हातात दिले. या वेळी घडी न घालता, गुंडाळी करून. त्याने वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "पाया नको पडू. मुलीला दाखव." विमानतळावर आम्ही पाच-सहा जण होतो. शाल कुणीही आणली नव्हती. एवढं तरी आम्ही शिकलो होतो.

परवा त्यांचा फोन आला. देवरुखला त्यांच्या भावाच्या घरी, पडवीत बसल्या होत्या. मी विचारलं, "करमतं का बाई?"

"करमायला वेळ कुठे आहे? गावातली शाळा पटसंख्या नाही म्हणून बंद पडली आहे. तिची एक खोली मागितली आहे. आखातात गेलेल्यांच्या वस्तू ठेवायला. वसंता परत आलाय, तो दारं-खिडक्या दुरुस्त करणार आहे. हमीदभाईंच्या पुतण्याने कपाट कबूल केलंय."

"मग मिळाली खोली?"

"पंचायत समितीतले साहेब नाही म्हणाले."

"मग?"

"मग काय? नाही का म्हणाले ते विचारायला सोमवारी जातेय. मंगळवारीही जाईन. मी आता निवृत्त आहे, मला रजा टाकायला लागत नाही." आणि मग त्या म्हणाल्या, "ते राहू दे. तू काय देतेस ते सांग."

"मी? माझ्याकडे काय आहे, बाई?"

तोवर बाईंनी फोन ठेवला होता.

मी स्वयंपाकघरातून स्टूल आणलं आणि बेडरूममधल्या कपाटाच्या माथ्यावरून निळी बॅग खाली ओढली. लग्नानंतर इथे आले ती हीच घेऊन. दोनच वर्षं राहायचं होतं, म्हणून ती कधी माळ्यावर टाकली नाही, कुणाला देऊन टाकली नाही. परत जायला लागेल म्हणून हाताशी ठेवली. मुलगी दारात येऊन उभी राहिली. "आई, व्हेअर आर यू गोइंग?"

मी फडक्याने बॅगेवरची धूळ पुसली. मुठीला पहिल्या विमानप्रवासाची चिठ्ठी अजून लटकत होती, अक्षरं पुसट झालेली. "कुठे नाही," मी म्हटलं. "बस इथे, तुला सांगते."